काकूंच्या रक्ताचं वय

"रक्त विशीचं निघालं म्हणते तिचं. मशीनवर पाहिलं."

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी हे त्यांच्या पुढच्या बाईंच्या कानात सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे त्यांचं कानातलं बोलणंही शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. पुढच्या बाईंनी वळून विचारलं, "कोणाचं?"

"अगं, हिचंच. पहा ना, कशी चालून राहिली."

आम्ही तिघींनी पाहिलं. कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या कम्युनिटी सेंटरच्या त्या हॉलमध्ये, आमच्या मराठी असोसिएशनच्या रविवारच्या जेवणाला, काकू पाटवडीच्या रश्शाच्या पातेल्याचा एक कान धरून टेबलाकडे येत होत्या. दुसरा कान असोसिएशनच्या अध्यक्षांच्या हातात होता आणि दम त्यांना लागला होता. काकू अजिबात लंगडत नव्हत्या.

मी माझ्या कागदी ताटाकडे बघत राहिले. ते रक्त मीच मोजलं होतं, आणि ते विशीचं नव्हतं. हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं, आणि जेवण संपायच्या आत मला ते काकूंना सांगायचं होतं. तीन दिवस सांगणार होते. सांगितलं नव्हतं.

काकू म्हणजे मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते त्या. नागपूरला एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होत्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे इथे आल्या, पण हेडक्लार्कपण सोबत घेऊन आल्या. घरात कोणाचे बूट कुठे ठेवायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणत्या बाजूने उपसायचा, डिशवॉशरमध्ये वाट्या कशा लावायच्या, हे सगळं त्यांनी ठरवून दिलेलं आहे. मी त्यांच्याशी कमीच बोलते. मी सगळ्यांशीच कमी बोलते. शाळा इंग्रजी, घर अबोल, त्यामुळे मोठ्या माणसांसमोर मराठीत पूर्ण वाक्य करेपर्यंत विषय बदललेला असतो. काकूंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि दोघींचं बोलायचं काम स्वतःकडे घेतलं.

"जेवली का? नसशील जेवली. वर ये. भात टाकला आहे तुझा."

पहिल्या हिवाळ्यात एकदा माझं पोट फार दुखत होतं. मी सांगितलं नव्हतं, पण काकू जिना उतरून खाली आल्या. तेव्हा त्यांना जिना उतरता यायचा. कमरेला खोचलेली स्टीलची चपटी डबी त्यांनी उघडली. एका बाजूला बडीशेप आणि लवंगा, दुसऱ्या बाजूला कात्रीने पाकिटासकट एकेक कापून ठेवलेल्या गोळ्या. त्यातली एक मला देऊन म्हणाल्या, "घे. औषध नाही ही. आपली गोळी आहे."

मी घेतली. पोटदुखी थांबली. पुढे मी ते विसरून गेले.

दोन वर्षांत काकूंचे गुडघे बिघडले. सूज आली, ती कायमची राहिली. ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं आणि त्यांचं नाव यादीत गेलं. इथे यादीत नाव गेलं की माणूस वाट बघायला शिकतो. काकूंनी वर्षाहून जास्त वाट बघितली. या काळात बेसमेंटमध्ये यायचं त्यांनी बंद केलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाका मारायला सुरुवात केली. मग या हिवाळ्यात हॉस्पिटलचा फोन आला. एप्रिलची तारीख मिळाली. मुलाने पेढे आणले. काकूंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "बघू."

माझं काम नॉर्थ यॉर्कमधल्या एका लॅबमध्ये आहे. आम्ही प्लेटलेट्सचा अभ्यास करतो. लोकांना प्लेटलेट्स हा शब्द डेंग्यू झाला की आठवतो, पण मी रोज त्यांच्यासोबत असते, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. रक्तातल्या या सगळ्यांत बारीक चकत्या. एरवी गप्प वाहत असतात, कोणाच्या मध्ये येत नाहीत. कुठे कापलं की मात्र तिथे जाऊन चिकटतात, गोलाच्या काटेरी होतात, बाकीच्यांना हाका मारतात आणि सगळ्या मिळून भोक बुजवतात. गप्प राहून वेळेवर बोलणाऱ्या. मला यातलं अर्धंच जमतं.

वय वाढलं की त्या उतावीळ होतात. थोडं निमित्त पुरतं. शरीरात कुठे जुनी सूज मुरलेली असेल, गुडघ्यात नाही तर हिरड्यांत, तर त्या सुजेचे निरोप रक्तातून फिरत राहतात आणि प्लेटलेट्स कायम बाह्या सरसावून बसतात. आमच्या असोसिएशनच्या सभेत खुर्ची जरा करकरली की तीन काका एकदम उठून ती सरळ करायला धावतात, तसं काहीसं. काकांनी धावून काही बिघडत नाही. प्लेटलेट्स कारण नसताना धावल्या तर नको तिथे गुठळी होते. यात वयाचा हात किती आणि सुजेचा किती, हे वेगळं करून बघायचं आमच्या लॅबचं काम चाललं आहे.

त्यासाठी तीन प्रकारची माणसं लागतात. तरुण, सूज नसलेली म्हातारी, आणि सूज असलेली म्हातारी. पहिली दोन मिळतात. तिसरी मिळत नाहीत, कारण सांधे सुजलेला माणूस दुखण्यावरची गोळी घेतल्याशिवाय राहत नाही, आणि तसली गोळी प्लेटलेट्सची बोलती बंद करते. आम्हाला पाहिजे सुजलेला आणि गोळी न घेणारा. माझ्या बॉस मॉन्ट्रियलच्या आहेत, आनंद झाला की फ्रेंच बोलतात. या गटाबद्दल बोलताना त्या बरेच दिवस इंग्रजीच बोलत होत्या.

एका संध्याकाळी भात खाताना मी काकूंना हे सांगितलं. म्हणजे त्यांनी विचारलं, "तू काय करते गं दिवसभर तिथे?" आणि मी तीन वाक्यं बोलले. काकूंनी चमचा खाली ठेवला.

"मग मला काहून नाही नेत?"

मी नियमाप्रमाणे विचारलं, "काकू, तुम्ही काही औषधं घेता का?"

"एकही नाही. बीपी नाही, शुगर नाही. विचार याला."

मुलाने मान हलवली. "आई औषधांच्या विरोधात आहे," तो म्हणाला.

लॅबमधल्या नर्सने इंग्रजीत तेच विचारलं आणि काकूंनी इंग्रजीत तेच उत्तर दिलं. नो मेडिसिन. ते म्हणताना त्यांची मान इतकी ताठ होती की नर्सने पुढे काही विचारलं नाही.

रक्त काढल्यावर त्या खुर्चीत ज्यूस पीत बसल्या आणि मी नळ्या घेऊन निघाले. प्लेटलेट्सना हिसका चालत नाही, फ्रिज चालत नाही, घाई चालत नाही. लॅबमध्ये हे काम मला देतात, कारण मी सावकाश चालते आणि वाटेत कोणाशी गप्पा मारत थांबत नाही. माझ्या स्वभावाचा इतका उपयोग जगात दुसरीकडे कुठेच झालेला नाही. काकू मागून बघत होत्या. "वरात चालली वाटते," त्या नर्सला मराठीत म्हणाल्या. नर्स हसली. काकू मराठीत बोलल्या तरी लोक हसतात.

तपासणी समजायला सोपी आहे. प्लेटलेट्स असलेला गढूळ पिवळसर द्रव काचेच्या लहान नळीत घ्यायचा आणि त्यातून प्रकाश सोडायचा. त्यांना डिवचणारा पदार्थ थेंबभर टाकला की त्या एकमेकींना चिकटतात, द्रव निवळतो, प्रकाश जास्त जातो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. म्हाताऱ्या रक्ताची रेघ धावत वर जाते. काकूंना बघायचंच होतं, म्हणून बॉसनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. पहिला थेंब पडला. रेघ थोडी उठली, विचार केल्यासारखी थांबली आणि खाली आली.

"चांगलं की वाईट?" काकूंनी मला विचारलं.

मी इंग्रजीत बॉसना विचारलं. बॉस हसून म्हणाल्या, "सांग त्यांना, विशीतल्या मुलीसारख्या शांत आहेत."

मी सांगितलं. बॉसनी ते पाहुण्याशी बोलावं तसं गमतीत म्हटलं होतं. पण मी ते मराठीत आणलं तेव्हा त्यातली गंमत कॅनडातच राहिली आणि काकूंपर्यंत पोचली ती फक्त बातमी.

मुलगा त्यांना गाडीतून घरी घेऊन गेला. दुपारी मी दुसरा पदार्थ टाकला. दुखण्यावरच्या गोळ्या प्लेटलेट्समधली जी वाट बंद करतात, नेमक्या त्याच वाटेने हा जातो. विशीतल्या माणसाची रेघही इथे वर चढते. काकूंची रेघ हललीच नाही. मी ताज्या नळीत पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच, पोळपाटासारखी सपाट.

त्या सपाट रेघेकडे बघता बघता मला माझ्या पोटाचं दुखणं आठवलं. मग बडीशेप. मग ती डबी.

बॉसना दाखवलं तर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मला सकाळीच शंका आली होती, पण आशा होती," त्या म्हणाल्या. "काहीतरी घेतलंय त्यांनी. तू विचार. तुझ्याच घरच्या आहेत ना?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर वरच्या मजल्यावर बातमी साजरी होत होती. काकूंनी नागपूरला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला होता. "मशीनवर, मशीनवर पाहिलं," त्या सांगत होत्या. बहीण म्हणाली, "तुझं आधीपासूनच तसं. आईवर गेली तू." मला बघून काकूंनी फोन माझ्याकडे वळवला. "हिनेच मोजलं. सांग गं." मी बहिणीला नमस्कार केला आणि खाली गेले.

शुक्रवारी सकाळी सांगायला वर गेले, तर काकू जिना उतरून अर्ध्यावर मलाच भेटायला येत होत्या. कित्येक महिन्यांनी. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हटलं, "गुड मॉर्निंग."

शनिवारी तर त्यांनी निर्णयच जाहीर केला. मी भाज्या चिरत होते, मुलगा लॅपटॉपवर होता. काकू म्हणाल्या, "सोमवारी हॉस्पिटलला फोन लावून दे. ती तारीख दुसऱ्या कोणाला देऊन टाकू."

मुलाने वर बघितलं. "कोणती तारीख? एप्रिलची? आई, वर्ष काढलं आपण त्यासाठी."

"गरजू लोक बसले असतील. माझं रक्त विशीचं आहे, गुडघाही येईल वळणावर. हाड कापून कशाला घ्यायचं?"

"रक्ताचा आणि गुडघ्याचा काय संबंध?"

"तू सॉफ्टवेअरवाला. तुला काय समजते त्यातलं? हिला विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्या क्षणी मला काकूंच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कमी बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ मिळतो. काकू घाबरल्या होत्या. पेढा हातात घेतला तेव्हापासून घाबरल्या होत्या. त्यांना ऑपरेशन नको होतं, पण नको म्हणायची त्यांना सवय नव्हती आणि कोणाला सांगायची त्याहून नव्हती. आता एक सभ्य कारण मिळालं होतं, तेही मशीनने दिलेलं. ते माझ्या हाताने काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हटलं, "कांदा किती बारीक चिरू?"

म्हणून रविवारी त्या हॉलमध्ये रश्शाचं पातेलं टेबलावर येत असताना मी तास मोजत होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. फोन लागला की तारीख गेली. पुन्हा यादीच्या तळाशी, आणि गोळीखाली झाकलेला गुडघा आतून तसाच झिजत राहणार.

जेवणं झाली. बायका भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसल्या, कोट आणि बुटांच्या ढिगाशेजारी. काकू मधोमध.

"लॅबला अजून म्हातारे पाहिजेत," त्या सांगत होत्या. "लाजू नका. रक्त थोडंसंच घेतात आणि वर ज्यूस देतात."

"आणि माझं साठीचं निघालं तर?" एक जण म्हणाली.

"तर निघालं. तुझं वय सत्तर आहे, तुझा फायदाच झाला."

सगळ्या हसल्या. शाळेच्या बाई म्हणाल्या, "मग ऑपरेशन कॅन्सल ना तुझं?"

"कॅन्सलच. उद्या सकाळी फोन." काकूंची नजर माझ्यावर गेली. मी पाण्याचे ग्लास गोळा करत होते. "ये गं पोट्टी. हिनेच मोजलं. सांग यांना मशीनवर काय दिसलं."

मी ग्लास हातात धरून उभी राहिले. मला नेहमीप्रमाणे इंग्रजीत एक वाक्य सुचलं, नीट, नम्र, कोणालाही न लागणारं. ते बोलले असते तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि सोमवार उजाडला असता. मग वाटलं, आतापर्यंत काकूंना सगळ्यांनी औषधाबद्दल विचारलं होतं. मीसुद्धा. डबीबद्दल कोणीच विचारलं नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "गुडघा फार दुखला की डबीतली कोणती गोळी घेता?"

"ही ना." त्यांनी लगेच डबी काढली. "बहीण पाठवते. कोणी येणारं असलं की त्याच्या बॅगेत. पण औषध नाही ही."

"नाहीच," शाळेच्या बाईंनी दुजोरा दिला आणि स्वतःची पर्स उघडली. "माझ्याकडे पिवळी असते. पांढरीने मला पित्त होते."

"पिवळीने झोप येते," तिसरी म्हणाली आणि तिनेही एक पुडी बाहेर काढली. मग आणखी दोन पर्स उघडल्या. कोणाची भावाने पाठवलेली, कोणाची गेल्या दिवाळीला सुटकेसमधून आलेली. क्षणभर तिथे छोटंसं मेडिकल स्टोअर मांडल्यासारखं झालं आणि दोघींनी आपसांत अदलाबदलही केली. बॉसना तिसरा गट का मिळत नव्हता, हे मला त्या खुर्च्यांकडे बघून एकदम समजलं.

"रक्त द्यायला आलात त्या दिवशी घेतली होती?" मी विचारलं.

"घेतली की. रात्री एक, निघताना एक. तुझ्या ऑफिसात लंगडत येऊ काय? तुझी काही इज्जत आहे की नाही?"

मला हसू आलं, आणि त्याने धीरही आला. मी ग्लास खुर्चीवर ठेवले. हळू आवाजात, पण न थांबता सांगितलं. की ही गोळी दुखणं दाबते, तशी रक्तातल्या प्लेटलेट्सनाही गप्प करते. की मशीनवर जो शांतपणा दिसला तो गोळीचा होता. की ही आपली गोळी असली तरी औषधच आहे, आणि ऑपरेशनच्या आधी ती बंद केली नाही तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून डॉक्टरांना ती माहीत पाहिजे.

पर्सच्या चेन एकेक करून बंद झाल्या.

काकू डबीकडे बघत होत्या. मला वाटलं रागावतील. आधी त्या म्हणाल्या, "म्हणजे बहिणीला पुन्हा फोन करावा लागेल." मग माझ्याकडे वाकून, मी त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मग ते कापतीलच?"

"काय म्हणून राहिल्या दोघी?" शाळेच्या बाई म्हणाल्या. "जोरात बोला. मागे ऐकू येत नाही."

मी काकूंचा हात धरला. आणि मी जे बोलले ते मागच्या खुर्च्यांपर्यंत, बुटांच्या ढिगापर्यंत, बहुतेक पार्किंगपर्यंत गेलं.

"काकू, तुमचं रक्त तुमच्याच वयाचं आहे. तारीख सोडायची नाही, ही डबी डॉक्टरांना दाखवायची, आणि तुम्ही आत असाल तितका वेळ मी दाराबाहेर बसणार आहे."